धक्का नसेल तिथे लागणारी बोट: छोट्या नौदलांच्या लँडिंग क्राफ्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, वास्कोला जहाजदुरुस्तीच्या कामात माझं आयुष्य गेलं. आधी फिटर, मग सुपरवायझर. गस्तीच्या बोटी, टग, बार्ज सगळ्यांवर हात चालला, पण जीव जडला तो सपाट बुडाच्या, पुढून उघडणाऱ्या लँडिंग क्राफ्टवर. डिप्लोमाची मुलं, बार्जवर काम केलेली माणसं, फेरीत शेजारी उभे राहणारे ओळखीचे लोक या बोटीबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

लँडिंग क्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

रायबंदर–चोडण फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बूड सपाट, पुढचं तोंड म्हणजे खाली पडणारी फळी, मधे मोकळा डेक आणि गाड्या थेट आत. माझ्या भाच्याला पहिल्यांदा यार्डात नेलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, ही तर आपली फेरी!" चुकीचं नव्हतं ते. तत्त्व तेच आहे.

फरक असा की फेरीला दोन्ही काठांवर सिमेंटचा उतार बांधलेला मिळतो. लँडिंग क्राफ्टला असं काही मिळत नाही, तिने उघड्या पुळणीवर टेकायचं असतं. म्हणून तिच्या मागच्या बाजूला वेगळा नांगर आणि त्याची वायर ओढायचं यंत्र म्हणजे विंच असतो, पोटात बॅलास्टच्या, म्हणजे पाणी भरून बोट दाबायच्या टाक्या असतात, पंखे आणि सुकाणू वाळूला घासू नयेत म्हणून वर आत घेतलेले असतात. शिवाय ती उघड्या समुद्रातून शे-दोनशे मैल जाते, म्हणजे खलाशांना झोपायला, रांधायला जागा आणि गोड्या पाण्याची सोय लागते.

यातल्या मध्यम आकाराच्या बोटीला 'युटिलिटी' म्हणतात, कागदावर एलसीयू. रणगाडा, ट्रक, सिमेंट, तांदूळ, माणसं, गुरं, जे द्याल ते ती नेते.

लँडिंग शिप आणि लँडिंग क्राफ्ट एकच का?

नाही. शिप मोठं, महासागर ओलांडणारं. क्राफ्ट लहान, किनाऱ्या-किनाऱ्याने आणि बेटा-बेटांत फिरणारी. पण रेघ पक्की नाही. भारतीय नौदलाच्या नव्या एलसीयू सुमारे ६३ मीटर लांब आहेत, आणि एखाद्या छोट्या देशाच्या नौदलात एवढी बोट सगळ्यात मोठी ठरू शकते.

ही कल्पना निघाली कुठून?

पहिल्या महायुद्धातून. ब्रिटिशांनी १९१५ मध्ये पुढे फळी असलेल्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या दोनशे बोटी बांधल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागरात वापरल्या. काळा रंग आणि पुढे आलेले फळीचे दांडे पाहून शिपाई त्यांना भुंगेरे म्हणत. दुसऱ्या महायुद्धात हजारो बोटी निघाल्या. आजच्या एलसीयूचा सांगाडा त्याच घराण्यातला.

छोट्या नौदलाला हिचं काय काम? त्यांना कुठे कुणाच्या किनाऱ्यावर हल्ला करायचा आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि उत्तर देताना मी अजूनही थोडा तापतो.

हल्ला बाजूला ठेवा. पापुआ न्यू गिनीत सुमारे सहाशे बेटं आहेत. मालदीवमध्ये सुमारे बाराशे, आणि त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. अशा देशात प्रत्येक गावाला धक्का बांधायचा म्हटलं तर तिजोरी पुरणार नाही, आणि बांधला तरी दोन वादळांत वाळू त्याला गिळते किंवा त्याच्याखालची वाळू निघून जाते. मग शाळेसाठी पत्रे, दवाखान्याचा जनरेटर, पाण्याच्या टाक्या, रस्त्यासाठी रोलर हे न्यायचं कशातून? गस्तीच्या बोटीत रोलर चढत नाही. मोठं मालवाहू जहाज दूर खोल पाण्यात नांगरून राहतं आणि माल होडीत उतरवावा लागतो. दहा टनांचा रोलर होडीत कोण उतरवणार? लँडिंग क्राफ्ट पुळणीला टेकते, फळी टाकते आणि रोलर स्वतःच्या चाकांवर उतरून जातो.

संकटात तर दुसरा इलाजच नसतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत अंदमान-निकोबारमधले धक्के मोडले. जिथे काल जहाज लागत होतं तिथे आज लागेना, तेव्हा नौदलाच्या लँडिंग क्राफ्ट कामाला आल्या. बहामाच्या संरक्षण दलाकडे 'लॉरेन्स मेजर' नावाची ५६ मीटरची अशीच बोट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाने अबाको बेट उद्ध्वस्त केलं, तेव्हा मदत नेण्यात ती होती. १९७४ च्या नाताळात ट्रेसी वादळाने डार्विन शहर झोपवलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या नौदलाच्या मदतमोहिमेतही लँडिंग क्राफ्ट गेल्या होत्या.

लढाईत उपयोग होतच नाही असं नाही. जुलै १९९१ मध्ये एलिफंट पास इथला लष्करी तळ तमिळ वाघांच्या वेढ्यात सापडला, तेव्हा श्रीलंकेने वेट्टिलाइकेर्नीच्या किनाऱ्यावर समुद्रातून फौज उतरवली आणि ऑगस्टमध्ये तो वेढा मोडला. पण अशी वेळ पिढीत एकदा येते. तांदूळ आणि सिमेंट दर महिन्याला न्यावं लागतं.

म्हणूनच मी म्हणतो की छोट्या नौदलाने पहिली चांगली बोट घ्यायची असेल तर ही घ्यावी. संचलनात ती देखणी दिसत नाही, तोफ असली तर नावाला असते, आणि पैशाच्या वाटपात तिचा नंबर नेहमी शेवटी लागतो. मात्र दूरच्या बेटावरच्या माणसाला आपलं सरकार दिसतं ते बहुतेक वेळा हिच्याच फळीवरून उतरताना.

पुळणीवर लागताना नेमकं काय करतात?

आधी पाण्याची वेळ बघतात. भरती चालू असताना लागायचं, ओहोटीत नाही. हा नियम शिकवताना मी मुलांना केरी–तेरेखोल फेरीचं उदाहरण देतो. पाणी फार उतरलं की ती फेरी थांबते आणि माणसं काठावर वाट बघत बसतात. आपल्याकडे भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. लँडिंग क्राफ्टची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जेमतेम मीटरभर पाण्यात असते, म्हणजे दोन मीटर पाणी उतरलं तर बोट कोरडी पडते.

किनारा अनोळखी असेल तर आधी छोटी होडी पुढे पाठवून काठीने तळ चाचपतात. वाळू आहे की चिखल, मधेच कातळ आहे का, पाण्याखाली वाळूचा बांध आहे का. मग मागच्या टाक्यांत पाणी भरून बोटीचा मागचा भाग दाबतात, नाळ वर येते. किनारा अजून बोटीच्या दोन-तीन लांबी दूर असतानाच मागचा नांगर सोडतात आणि वायर सैल देत देत हळू पुढे जातात. टेकलं की इंजिन पुढच्या गतीवर मंद चालू ठेवतात. आपली फेरीबोटही उताराला टेकल्यावर इंजिन चालू ठेवूनच उभी असते, नीट ऐकलंत तर कळेल.

मागचा नांगर दोन कामं करतो. एक, लाटेने बोट आडवी पडू देत नाही. लाट मागून येते आणि मागचा भाग ढकलते, बोट किनाऱ्याला समांतर झाली की संपलं, प्रत्येक लाट तिला आणखी वर लोटते. दुसरं, निघताना विंचने वायर ओढून बोट स्वतःलाच मागे खेचून घेते. पंखे उलटे फिरत असतातच, त्यामुळे वायर ढिली पडून पंख्यात जाणार नाही याकडे मागच्या खलाशाने डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

आता एक गोष्ट, जी नवीन माणसं विसरतात. माल उतरवताना बोट हलकी होत जाते आणि आपोआप सुटते. माल चढवताना ती जड होत जाते आणि बसत जाते. त्यामुळे किनाऱ्यावरून माल भरायचा असेल तर भरतीचे निदान दोन तास हातात हवेत, आणि शेवटची गाडी पाणी चढत असतानाच आत आलेली हवी.

कुठल्याही किनाऱ्यावर लागता येतं का?

नाही. उतार जमला पाहिजे. हे गणित मी फळ्यावर काढून दाखवायचो.

समजा ४५ मीटर लांबीची बोट आहे, नाळेपाशी १ मीटर आणि मागे २ मीटर बुडलेली. किनारा ३० मीटरला १ मीटर असा उतरत असेल तर नाळ आधी टेकते. त्या वेळी मागे अडीच मीटर पाणी असतं, म्हणजे पंख्यांखाली अर्धा मीटर मोकळा. उत्तम. पण किनारा १०० मीटरला १ मीटर असा पसरट असेल, तर मागचा भाग आधी टेकतो आणि नाळेपाशी अजून दीड मीटरच्या वर पाणी उरतं. फळी टाकलीत तर माणूस गळ्यापर्यंत बुडेल आणि जीपचं इंजिन बंद पडेल. शिवाय सगळा भार पंखे आणि सुकाणूपाशी. गोव्यातल्या रुंद, पसरट पुळणी चालायला सुंदर आहेत, पण अशा बोटीला त्या सोप्या नाहीत.

प्रवाळ हा वेगळा धोका. मालदीव किंवा लक्षद्वीपमध्ये वाळू दिसते तिथे खाली प्रवाळाचे दगड असू शकतात. ते तळाची प्लेट फाडतात, आणि बोट त्यांना चिरडते तो नाश वेगळाच. तिथे ठरलेल्या वाटेनेच आत जायचं.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच नको. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यात बंद होतो आणि बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जातात. भरलेल्या बार्जला जो समुद्र झेपत नाही तो पुढून सपाट असलेल्या बोटीला कसा झेपेल? पावसाळ्यात उघड्या पुळणीवर लागायचा विचारही करू नये.

अडकली तर?

लगेच जोर लावू नये. आधी जो भाग टेकलाय तिथल्या टाक्यांतलं पाणी काढा, सुटा माल हलवा, पुढच्या भरतीची वाट बघा. पुढची भरती आजच्यापेक्षा मोठी असेल तर निम्मं काम झालं. अमावास्या-पौर्णिमा मागे गेली असेल तर भरत्या दिवसेंदिवस लहान होत जातात, तेव्हा घाई करावी लागते.

थांबल्याने काय होतं ते कांदोळीच्या लोकांना विचारा. 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज जून २००० मध्ये तिथे किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि बारा वर्षांच्या आसपास तिथेच राहिलं. वाळू आत शिरली, आजूबाजूची किनारपट्टी बिघडली, शेवटी तुकडे करून काढावं लागलं. ते लँडिंग क्राफ्ट नव्हतं, टेकण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. पण वाळूचा स्वभाव सगळ्या बोटींशी सारखा.

एवढी हळू का चालते?

पुढचं तोंड टोकदार नाही म्हणून. पाणी कापता येत नाही, ढकलावं लागतं. जुन्या बोटी ताशी ८ ते १० सागरी मैल, नव्या १५ पर्यंत. समोरून लाट असेल तर फळीवर असा दणका बसतो की स्वयंपाकघरातलं भांडं जागेवर राहत नाही.

किती माल नेते?

बोटीवर अवलंबून. अंदाज हवा असेल तर बूड बघा. ४५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद बोटीवर १०० टन चढवले की ती साधारण पाव मीटर खाली बसते. सपाट बुडाचा हाच फायदा. भारतीय नौदलाच्या नव्या एलसीयूमध्ये रणगाडे आणि सुमारे १६० सैनिक मावतात. कोलकात्याच्या गार्डन रीच यार्डात अशा आठ बांधल्या गेल्या, पहिली २०१७ मध्ये नौदलात आली, आठवी २०२१ मध्ये.

दुरुस्तीला आली की आधी काय बघावं?

माझ्या आवडीचा प्रश्न. फळीचं बिजागर, तळाची प्लेट, शाफ्टचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट. याच क्रमाने.

फळी कित्येक टनांची असते, आणि सगळा भार बिजागराच्या पिनांवर आणि दोन वायरींवर. पिनेला ग्रीस घालायला निपल असतात. एकदा एक बोट आमच्याकडे आली, बाहेरून रंग कोरा करकरीत. कुणीतरी मोठा माणूस पाहायला येणार म्हणून घाईने रंगवलेली. बिजागरापाशी बसून हात फिरवला तर निपल हाताला लागेनात. रंगाच्या तीन थरांखाली ते गाडले गेले होते. खरवडून काढले, ग्रीसची बंदूक लावली, ग्रीस आत जाईना. पिन काढायला चार दिवस लागले, शेवटी तापवून हातोड्याने मारून काढली. बाहेर आली तेव्हा एका बाजूने अशी झिजलेली की मधे नखभर खाच. ती बोट त्या पिनेवर माणसांनी भरलेली जीप उतरवत होती. त्या दिवसापासून कुठल्याही बोटीवर मी आधी निपल शोधतो, रंग मागाहून बघतो.

तळाची प्लेट प्रत्येक टेकण्याला थोडी आत दबते. फ्रेम तशाच राहतात आणि मधली प्लेट खोल जाते. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढलेल्या कोरड्या गोदीत, खालून टॉर्च तिरपा धरला की उन्हाळ्यात वाळलेल्या बैलासारख्या फासळ्या मोजता येतात. फासळ्या दिसल्या म्हणून घाबरायचं नाही, जाडी मोजायची. मूळ जाडीतली पाव गेली असेल तर प्लेट बदलायची तयारी ठेवावी. जोडाच्या रेघा वेगळ्या तपासाव्यात, वाळू आधी वेल्डिंगच खाते.

शाफ्टचं बेअरिंग रबराचं आणि पाण्यावर चालणारं असतं. वाळूचं पाणी गेलं की ते पॉलिश पेपरसारखं घासलं जातं. पंखा हाताने वर-खाली हलवून बघा, ठक् आवाज आला तर बेअरिंग गेलं.

आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी. बोट टेकलेली असताना तळाच्या जाळीतून इंजिन पाणी ओढतं आणि सोबत वाळूही ओढतं. शहाण्या बांधणीत टेकल्यावर समुद्राचं पाणी बंद करून आतल्या टाकीतलंच पाणी फिरवायची सोय असते. तो व्हॉल्व्ह वर्षभर कुणी फिरवला नसेल तर तो अडकलेला असणार हे गृहीत धरा.

छोट्या देशाने जुनी बोट घ्यावी का?

नीट वापरलेली असेल तर जरूर घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या बालिकपापन वर्गाच्या आठ बोटी क्वीन्सलँडमधल्या मेरीबरो इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधल्या गेल्या, लांबी ४४.५ मीटर. त्यांतल्या दोन पापुआ न्यू गिनीला तेव्हाच मिळाल्या. त्यांतलीच 'लाबुआन' चाळीस वर्षं चालून २०१४ मध्ये त्याच देशाकडे गेली आणि 'लाकेकामू' झाली. पाच फिलिपिन्सकडे गेल्या, दोन २०१५ मध्ये भेट म्हणून आणि तीन २०१६ मध्ये विकत. चाळिशी ओलांडलेली बोट दुसरं नौदल हौसेने नेतं, यावरून तिची बांधणी किती साधी आणि दणकट होती ते कळतं.

भेट मिळालेल्या बोटीबाबत एकच काळजी घ्यावी. सोबत सुटे भाग आणि दुरुस्तीचे पैसे किती वर्षांसाठी आहेत ते कागदावर घ्या. भारतानेही मे २०२३ मध्ये मालदीवला गस्तीची बोट आणि लँडिंग क्राफ्ट दिली. अशा भेटीची किंमत पाचव्या वर्षी कळते, पहिल्या ड्राय डॉकनंतर.

गोव्यात या बोटी बांधल्या गेल्या आहेत का?

हो. गोवा शिपयार्ड १९५७ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालं, आणि १९८० च्या दशकात तिथून भारतीय नौदलासाठी एलसीयू बांधून निघाल्या. छोट्या नौदलांसाठी बोटी बांधायचा अनुभवही वास्कोला आहे. श्रीलंकेच्या 'सयुराला' आणि 'सिंदुराला' या गस्तीच्या मोठ्या बोटी इथल्याच.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा लँडिंग क्राफ्ट होत्या का?

मुख्य फौज जमिनीवरून आली. समुद्रातून उतरणं झालं ते अंजदीव बेटावर, १८ डिसेंबर १९६१ ला. नौदलाच्या 'त्रिशूल' जहाजावरची तुकडी छोट्या बोटींतून गेली आणि गोळीबारात सापडली. नौदलाचे सात जण तिथे कामी आले. पुढे फळी आणि बाजूला पोलादाची भिंत नसताना, उघड्या होडीतून गोळ्या झेलत किनारा गाठणं म्हणजे काय, याचा विचार मी काम करताना अनेकदा केला आहे.

बार्जवर काम केलेल्या माणसाला या बोटीवर नोकरी मिळेल का?

परक्या नौदलात अर्थातच नाही. पण खाजगी लँडिंग क्राफ्ट आखातात आणि मालदीवच्या रिसॉर्टना माल पोचवायला भरपूर चालतात. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा घरी बसलेल्या, खनिजाच्या बार्ज चालवणाऱ्या सारंगांना मी हेच सांगत होतो. नदीतला वाळूचा बांध वास घेऊन ओळखणारी ही माणसं, उथळ पाण्याची भीती त्यांना नाही. कागदपत्रं आणि सुरक्षेचे कोर्स पुरे करा, मागच्या नांगराचं काम शिकून घ्या. बाकीचं तुम्हाला येतंच.

गोव्यात ही बोट बघायला कुठे मिळेल?

यार्डात आणि नौदलाच्या तळावर परवानगीशिवाय जाता येत नाही, बाहेरून फोटोही काढू नका. चोडणला किंवा दिवाडीला जा आणि फेरीत पुढे उभे राहा. फळी उताराला लागते तेव्हा बिजागराकडे बघा, वायर कुठे ताणली जाते, खलाशी कुठे उभा राहतो ते बघा. पहिली गाडी फळीवर आली की नाळ किती दबते ते पाण्याच्या रेघेवर दिसतं. भरतीला एकदा जा आणि ओहोटीला एकदा, म्हणजे फळीचा कोन किती बदलतो ते स्वतः बघाल.